खाण तशी माती म्हणून हात टेकायचे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझं वय ३४. वडील फार तापट होते. त्यांच्या चपलांचा आवाज आला की घर गप्प व्हायचं. मी तसा होणार नाही, असं लहानपणीच ठरवलं होतं. गेल्या महिन्यात सहा वर्षांच्या मुलाच्या हातून माझ्या कागदांवर पाणी सांडलं आणि मी त्याला मारलं. आई तिथेच होती. ती एवढंच म्हणाली, 'खाण तशी माती.' तेव्हापासून मला धड झोप नाही. रागाचं जनुक असतं असं वाचलं. त्याची तपासणी करून घेऊ का? आणि मेंदूच तसा घडलेला असेल, तर माझ्या हातात काय उरतं?"

तपासणी करू नका. त्या अहवालात तुमच्या प्रश्नाचं उत्तर नसेल. मनोविकारतज्ज्ञ म्हणून मी पंचवीसेक वर्षं काम करतोय आणि 'हे रक्तातच आहे का हो डॉक्टर?' हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी कानावर येतो. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा निकाल हवा असतो: दोषी की निर्दोष. असा निकाल जीवशास्त्राकडे मिळत नाही. जे मिळतं ते तुमच्या फार उपयोगाचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आईच्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही, असं मी म्हणणार नाही. एकाच फलित अंड्यापासून झालेली जुळी आणि दोन वेगळ्या अंड्यांपासून झालेली जुळी यांच्यातलं साम्य ताडून पाहणं, ही आनुवंशिकता मोजायची जुनी रीत. अशा पन्नासेक वर्षांच्या अभ्यासांची एकत्र मांडणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. २,७४८ शोधनिबंध, १७,८०४ गुणधर्म आणि जुळ्यांच्या १ कोटी ४५ लाखांहून जास्त जोड्या. सगळ्या गुणधर्मांची सरासरी काढली तर आनुवंशिकता ४९ टक्के निघाली. आक्रमकपणाचा आकडाही साधारण निम्म्याच्या आसपासच येतो. तेव्हा तापटपणा घराण्यात उतरतो, हे निरीक्षण चुकीचं नाही.

लोक फसतात ते यापुढे. निम्मी आनुवंशिकता म्हणजे तुमच्या रागातला अर्धा वाटा वडिलांचा आणि अर्धा तुमचा, असं नव्हे. हा आकडा एका माणसाबद्दल काहीच सांगत नाही. एखाद्या समाजात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती फरक जनुकांच्या फरकाशी जुळतो, एवढंच तो सांगतो. परिस्थिती बदलली की आकडाही बदलतो. आणि एखादी गोष्ट बदलता येईल की नाही, हे तर तो मुळीच सांगत नाही. चष्म्याचा नंबर घराण्यात चालतो हे सगळ्यांना माहीत आहे. तरी चष्मा लावला की फळ्यावरचं दिसतंच.

याहून ठसठशीत उदाहरण द्यायचं तर १९३४ सालच्या नॉर्वेत जावं लागेल. बुद्धीची वाढ खुंटलेल्या दोन मुलांची एक आई डॉक्टरांचे उंबरठे झिजवत होती. मुलांच्या अंगाला एक विचित्र कुबट वास येतो, हे ती भेटेल त्या डॉक्टरला सांगत होती आणि कोणी मनावर घेत नव्हतं. आस्ब्यर्न फॉलिंग नावाच्या डॉक्टरने ते मनावर घेतलं. मुलांच्या लघवीत त्याने फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले. एरवी कधी न दिसणारा गडद हिरवा रंग आला आणि काही मिनिटांत विरून गेला. त्या रंगाचा माग काढत तो फिनिलकीटोन्युरिया या आजारापर्यंत पोहोचला. आई आणि वडील दोघांकडूनही एका जनुकाची सदोष प्रत आली, तर अन्नातल्या प्रथिनांमधलं फिनिलॲलनिन शरीरात मोडलं जात नाही. ते साठत जातं आणि वाढत्या मेंदूची नासाडी करतं. याहून अधिक 'जनुकीय' काही असू शकेल का? पण १९५०च्या दशकात डॉक्टरांनी फिनिलॲलनिन अगदी कमी असलेला आहार द्यायला सुरुवात केली. १९६०च्या दशकात रॉबर्ट गथ्री यांच्या पद्धतीने नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर हा आजार ओळखता यायला लागला. आज जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच आहार सुरू झालेलं आणि पुढेही तो पाळणारं मूल इतर मुलांसारखं शिकतं, मोठं होतं. जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष त्या सदोषच राहतात. वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला मी हे वाचलं आणि आनुवंशिक म्हणजे अटळ, हा समज माझ्यापुरता कायमचा गेला.

आता तुम्ही वाचलेल्या 'रागाच्या जनुका'कडे येतो. ते बहुधा एमएओए असणार. सेरोटोनिन, डोपामिन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ही मेंदूतली निरोप्या रसायनं काम झाल्यावर मोडीत काढणारं एक विकर (एन्झाइम) आहे. त्याची कृती या जनुकात लिहिलेली असते. हान ब्रुनर यांनी १९९३ साली एका डच कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या घरातल्या काही पुरुषांमध्ये हे जनुक एका अक्षराच्या बदलामुळे पूर्ण बंद पडलं होतं. त्यांची बुद्धी थोडी कमी होती आणि क्षुल्लक कारणावरून ते हिंसक व्हायचे. जनुक असं पूर्ण बंद पडणं अतिशय दुर्मिळ आहे. पण याच जनुकाचा जरा मंद चालणारा एक प्रकार कोट्यवधी धडधाकट, शांत पुरुषांमध्ये असतो आणि वर्तमानपत्रांनी 'लढवय्या जनुक' म्हणून गाजवला तो हा.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा मागोवा संशोधक वर्षानुवर्षं घेत आले आहेत. २००२ साली त्यांनी दाखवलं की नुसत्या मंद प्रकारामुळे मुलगा हिंसक होत नाही. लहानपणी ज्यांचा छळ झाला, त्यांच्यात मात्र मंद प्रकारवाल्यांची वागणूक जास्त बिघडलेली दिसली. हे फार गाजलं. पुढच्या अभ्यासांत काहींना तसंच दिसलं, काहींना नाही. नैराश्याशी असंच जोडलं गेलेलं सेरोटोनिनच्या वहनाचं जनुक तर २०१९ साली लाखो लोकांच्या माहितीवर पारखलं गेलं आणि तो संबंध टिकला नाही. आज चित्र असं आहे की स्वभावाच्या कुठल्याही पैलूमागे शेकडो, हजारो जनुकीय फरक असतात आणि एकेकट्याचा परिणाम नगण्य असतो. २००९ साली इटलीतल्या एका अपील न्यायालयाने खुनाच्या आरोपीची शिक्षा कमी करताना एमएओए जनुकाच्या मंद प्रकाराचाही विचार केला होता. माझ्या मते ती चूक होती. एवढ्या तकलादू पुराव्यावर ना शिक्षा कमी करावी, ना बापाने स्वतःला शिक्षा सुनावावी.

एक अपवाद मात्र मला विचारलाच पाहिजे. वडिलांचा तापटपणा चाळिशीनंतर एकाएकी वाढला होता का? हातापायांना नकळत हिसके बसणं, चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा असं काही होतं का? हंटिंग्टनचा आजार हा मेंदू झिजवणारा आजार एकाच जनुकामुळे होतो. ते जनुक १९९३ साली सापडलं. त्यातली सीएजी ही तीन अक्षरं चाळीस किंवा त्याहून जास्त वेळा लागोपाठ आली, तर माणूस पुरेसं जगल्यास आजार होतोच आणि हालचाली बिघडायच्या आधी काही वर्षं नुसता चिडचिडेपणाच दिसू शकतो. असं काही असेल तर तपासणीचा विचार करता येईल, पण तोही आनुवंशिकतेच्या समुपदेशकाशी बोलून. तुम्ही लिहिलंय त्यावरून वडील तरुणपणापासून तसेच होते, त्यामुळे मला ही शक्यता वाटत नाही.

मग वारशात येतं तरी काय? राग येत नाही. येते ती शरीराची ठेवण. धडधड किती लवकर वाढते, वाढली की खाली यायला किती वेळ लागतो, मोठा आवाज किती खुपतो, थकल्यावर सहनशक्ती किती लवकर संपते. काही बाळं पहिल्या महिन्यापासूनच लवकर भडकणारी आणि उशिरा शांत होणारी असतात, हे कुठलीही आई सांगेल. पण त्या भडक्याचं पुढे काय करायचं, कोणावर काढायचा, कोणासमोर गिळायचा, हे मूल घरात बघून शिकतं. तुमच्या वडिलांनी तुम्हाला जनुकं दिली आणि अठरा-वीस वर्षं रोजची शिकवणीही दिली. दोन्ही एकाच माणसाकडून आल्यामुळे ती एकच गोष्ट वाटते.

उंदरांमध्ये या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहता आल्या आहेत. काही माद्या पिलांना खूप चाटतात, काही कमी. कमी चाटणाऱ्या मादीची पिलं मोठेपणी जास्त घाबरट होतात, ताणाचं संप्रेरक त्यांच्यात जास्त उसळतं. पण तीच पिलं जन्मताच खूप चाटणाऱ्या मादीच्या कुशीत ठेवली, तर ती शांत निघतात. कॅनडातल्या मायकल मीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवलं की चाटण्यामुळे पिलांच्या मेंदूतल्या एका जनुकावरच्या रासायनिक खुणा बदलतात. जनुकाची अक्षरं तीच राहतात आणि ते किती वाचलं जाईल ते बदलतं. माणसाचं मूल म्हणजे उंदराचं पिलू नव्हे, सगळं जसंच्या तसं लागू होत नाही. पण 'जनुक की संगोपन' असा सामना लावणं का चुकतं, हे यातून कळावं.

मेंदूबद्दल तुम्ही विचारलंत, तर मला एक गृहस्थ आठवतात. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. साठी ओलांडलेले, जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब चोख ठेवलेले. त्यांच्या पत्नीने बँकेच्या कागदांची जाड फाइल माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "डॉक्टर, हे असे नव्हते हो. ह्यांनी उभ्या जन्मात पत्त्याला हात लावला नाही." पहाटे तीन-तीनपर्यंत ते मोबाइलवर जुगार खेळत होते. घरातली साठवण निम्मी झाली होती. धाकटे दीर याला म्हातारचळ म्हणाले होते, मुलाने बोलणं टाकलं होतं. ते स्वतः मान खाली घालून बसले होते. "मला सगळं कळतं, पण हात थांबत नाही," एवढं एकच वाक्य ते बोलले.

मी गोळ्या पाहायला मागितल्या. हाताच्या थरथरीसाठी, म्हणजे पार्किन्सनसाठी, त्यांना प्रॅमिपेक्सॉल चालू होतं. आठ महिन्यांपूर्वी डोस वाढला होता. बँकेच्या कागदांवरची पहिली जुगाराची नोंद त्यानंतर दोन महिन्यांची होती. पत्नी तारखांवर बोट ठेवून बघत राहिल्या. मी त्यांच्या मेंदूविकारतज्ज्ञांना तिथूनच फोन केला आणि औषध हळूहळू उतरवत दुसऱ्यावर नेलं. सात-आठ आठवड्यांनी ते परत आले. म्हणाले, "मोबाइल समोर असतो, पण तिकडे लक्षच जात नाही. मग डॉक्टर, तेव्हा जो खेळत होता तो कोण होता?"

या प्रश्नाचं पुरतं उत्तर माझ्यापाशी आजही नाही. यंत्रणा मात्र सांगता येते. पार्किन्सनमध्ये डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरतात. प्रॅमिपेक्सॉल त्या डोपामिनची नक्कल करतं. हालचालीच्या जाळ्यात ते हवं असतं, पण तेच औषध 'आता काहीतरी मिळणार' ही ओढ निर्माण करणाऱ्या जाळ्यातही पोहोचतं. पार्किन्सनच्या ३,०९० रुग्णांच्या एका मोठ्या पाहणीत जुगार, बेसुमार खरेदी, अनावर खाणं किंवा कामवासना यांपैकी काहीतरी १३.६ टक्के रुग्णांत आढळलं. प्रॅमिपेक्सॉलच्या गटातली औषधं घेणाऱ्यांत ते प्रमाण १७ टक्क्यांच्या वर होतं, न घेणाऱ्यांत ७ टक्क्यांच्या आत. म्हणजे एकच गोळी घेऊनही बहुतेकांना काही झालं नाही. कोणाला होतं, यात वय, आधीची ओढ, घराण्याचा इतिहास, हाताशी असलेली सोय, सगळ्यांचा वाटा असतो. आणि हे गृहस्थ कळत असूनही थांबू शकत नव्हते. 'मनाला लगाम घाला' हा उपदेश त्यांना घरचे सहा महिने करत होते.

स्वभावाला औषध नाही, ही म्हण म्हणूनच मला डाचते. आपण ज्याला स्वभाव म्हणतो त्यात अनेकदा थायरॉइड असतं, घोरण्याच्या आजारामुळे तुटणारी झोप असते, रोजची दारू असते, न ओळखलेलं नैराश्य असतं. पुरुषांमधलं नैराश्य तर अनेकदा रडण्याऐवजी चिडण्यातून बाहेर पडतं आणि वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही. हे सगळं शोधता येतं, त्यावर उपचार होतात.

मुलाच्या हातून पाणी सांडलं त्या क्षणी तुमच्या डोक्यात काय झालं असेल, तेही सांगतो. कानशिलाच्या आत खोलवर अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो. धोका, अपमान, अचानक बदल याची दखल तो फार झपाट्याने घेतो आणि शरीराला तयारीचा हुकूम देतो. कपाळामागचा भाग मागाहून विचारतो: 'अरे, हे पाणीच आहे ना?' दोघांमधलं दळणवळण चांगलं असेल तर हात वर जायच्या आधी तो प्रश्न पोहोचतो. २००७ सालच्या एका छोट्या प्रयोगात धडधाकट तरुणांना एक रात्र जागवून त्रासदायक चित्रं दाखवली. झोप झालेल्यांपेक्षा त्यांच्या अमिग्डालाची उसळी ६० टक्क्यांनी जास्त होती आणि कपाळामागच्या भागाशी तिचं नातं सैल पडलं होतं. एका रात्रीत. आणि तुम्ही लिहिताय की महिनाभर झोप नाही. पश्चात्तापाने झोप उडाली आहे आणि उडालेल्या झोपेमुळे तुम्ही पुन्हा भडकण्याच्या जवळ जाताय. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातली सर्वांत तातडीची ओळ ती आहे.

मेंदूला इजा झाली की स्वभाव बदलतो, याचा दाखला म्हणून फिनिअस गेजचं नाव नेहमी घेतलं जातं. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेत रेल्वेमार्गासाठी सुरुंग ठासताना सुमारे एक मीटर लांबीची, सहा किलोंची पहार त्याच्या डाव्या गालाखालून शिरली आणि कवटी फोडून वर निघाली. तो वाचला, पण मित्र म्हणू लागले की हा आता गेज राहिला नाही. पुस्तकं बहुधा इथेच थांबतात. पुढे त्याने चिली देशात काही वर्षं घोडागाडी चालवली. ठरलेले रस्ते, ठरलेल्या वेळा, प्रवाशांशी बोलणं, घोड्यांना सांभाळणं. कपाळामागचा मोठा भाग गमावलेल्या माणसाकडून हे काम झालं. त्याचा मृत्यू १८६० साली झाला. रोजच्या बांधीव दिनक्रमाने त्याला सावरलं असावं, असं अनेक अभ्यासकांना वाटतं आणि रुग्णांचा अनुभव पाहता मलाही ते पटतं.

म्हणून 'माझ्या हातात काय उरतं' याचं माझं उत्तर असं आहे की भडका उडण्याच्या क्षणी फार थोडं उरतं. त्याच्या आधी आणि नंतर पुष्कळ. रागाचं कारण सांगणं वेगळं आणि सबब सांगणं वेगळं. माझा मेंदू लवकर पेटतो, हे ज्याला कळलंय त्याच्यावर उलट जास्त जबाबदारी येते. रात्रीची झोप सोडायची नाही. घरी पोहोचल्यावर पहिली वीस मिनिटं कोणाशी कामाचं बोलायचं नाही. जबडा आवळला, कान तापले की 'मला राग येतोय' असं मोठ्याने म्हणायचं आणि खोलीबाहेर जायचं. भावनेला नाव दिलं की अमिग्डालाची हालचाल कमी होते, असं मेंदूच्या चित्रणात दिसलं आहे. घरच्यांनाही तुम्ही बाहेर का गेलात ते कळतं.

मुलाबद्दल. एका मारामुळे त्याचा मेंदू बिघडला, ही भीती काढून टाका. रुमानियातल्या अनाथालयांमधली १३६ बाळं बुखारेस्टच्या एका प्रसिद्ध अभ्यासात होती. मायेचं माणूसच न मिळालेली ही मुलं, त्यातली निम्मी चिठ्ठ्या टाकून पालक-कुटुंबांत पाठवली. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांची प्रगती सर्वांत चांगली झाली, पण उशिरा मिळालेल्यांनाही त्याचा फायदा झालाच. तुमच्या मुलाला घर आहे आणि तुटलेलं जोडणारा बाप त्याला मिळू शकतो. अजून माफी मागितली नसेल तर आज मागा. 'तू पाणी सांडलंस म्हणून' हे शब्द त्यात येऊ देऊ नका. 'मी मारलं, ते चुकलं, तुझी चूक नव्हती' एवढं पुरे. तुमच्या वडिलांच्या तोंडून हे वाक्य तुम्ही कधी ऐकलं नसेल, असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं.

या आठवड्यात तुमच्या डॉक्टरांकडे जाऊन थायरॉइड, रक्तदाब आणि झोप तपासून घ्या. घोरता का, हे पत्नीला विचारा. मन उदास असतं का, दारू किती होते, हे डॉक्टरांना खरं सांगा. पुन्हा हात उठेल असं वाटत असेल, तर वाट पाहत बसू नका, लगेच मनोविकारतज्ज्ञाला भेटा. जाताना एक वही न्या. त्यात गेल्या महिन्यात भडकलात ते प्रसंग लिहा: वेळ, आदल्या रात्रीची झोप, पोटात काय होतं, आधीच्या तासाभरात काय घडलं. आणि दुसऱ्या पानावर, राग आला होता पण तुम्ही थांबलात ते प्रसंग लिहा. लोक पहिलं पान भरून आणतात आणि दुसरं कोरं ठेवतात. मला दुसरं पान आधी वाचायचं असतं.